कौले, वारस आणि कायम निधी : गावच्या वाचनालयाच्या दुरुस्तीचा अनुभव

गावच्या वाचनालयाला नवी इमारत हवी असेल तर पैसे देणारे भेटतात, पुस्तके हवी असतील तर योजना आहेत, शतक महोत्सव करायचा असेल तर त्यालाही अर्थसहाय्य मिळते. परंतु उभी असलेली जुनी इमारत पुढच्या पावसाळ्यात उभीच राहावी एवढीच इच्छा असेल, तर त्या खर्चाला कोणत्याही कागदावर सहजासहजी रकाना सापडत नाही. दापोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाची कार्यवाह म्हणून मी या दुरुस्तीच्या सगळ्या खटपटीतून गेले. इतर गावांतील कार्यकारी मंडळांना त्यातून काही हाताशी लागेल या हेतूने हे लिहीत आहे.

आमची इमारत गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातील आहे. मुंबईत व्यापार करणाऱ्या गावच्याच एका गृहस्थांनी ती बांधून गावाच्या हवाली केली. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौले, पुढे वृत्तपत्रे वाचायची पडवी आणि आत एका बाजूला पुस्तकांची लाकडी कपाटे, असा तिचा साधा आराखडा आहे. कोकणातील पावसाला अशी बांधणी उत्तम तोंड देते, मात्र तिची एक अट असते, ती म्हणजे दरवर्षी मे महिन्यात छपराची शाकारणी झालीच पाहिजे. फुटकी कौले बदलायची, सरकलेली बसवायची, किडलेली रीप काढायची आणि पन्हळीतील पालापाचोळा उपसायचा, एवढेच ते काम आहे. गावात मजूर मिळत होते आणि कार्यकारी मंडळात शाकारणी स्वतः करणारी माणसे होती तोवर हे काम कोणाच्या लक्षातही न येता पार पडत असे. तरुण माणसे मुंबई-पुण्याला गेली, घरोघरी स्लॅब आले, कौले चढवणारे हात कमी झाले आणि वाचनालयाची शाकारणी एक वर्षाआड, पुढे दोन वर्षांआड होऊ लागली.

त्यात 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या दक्षिणेकडील तडाख्यात दापोली व मंडणगड हे तालुके सापडले. आमच्या आढ्यावरची कौले आणि पश्चिमेकडील उताराचा मोठा भाग उडाला. टाळेबंदीमुळे वाचनालय मार्चपासून बंदच होते; राज्यातील ग्रंथालये उघडायला परवानगी मिळाली ती 15 ऑक्टोबरपासून, म्हणजे अख्खा पावसाळा संपल्यावर. मधल्या काळात आम्ही ताडपत्री घातली, पण बाजारात ताडपत्रीचाही तुटवडा होता आणि वाऱ्याने ती पुन्हापुन्हा उचलली जात होती. पश्चिमेकडील कपाटांतली पुस्तके भिजली. साध्या कागदाची पुस्तके पानांत वर्तमानपत्रे घालून, पडवीत उभी करून, पंख्याखाली बऱ्याच अंशी वाचवता आली. दिवाळी अंकांची आणि चित्रांची गुळगुळीत कागदाची पाने मात्र एकमेकांना अशी चिकटली की त्यांचा एकसंध ठोकळा झाला आणि सोडवू जाताच अक्षरे पलीकडच्या पानावर उमटली. नुकसानीच्या पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने सहानुभूतीने सर्व पाहिले, पण घरे, गोठे आणि बागा यांच्या नोंदी करून त्याचे हात आधीच भरून गेले होते. संस्थेच्या मालकीच्या वाचनालयाची नोंद कशात करायची, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

येथे अनुदानाचे गणित सांगणे आवश्यक आहे, कारण ‘सरकारी अनुदान मिळते ना, मग दुरुस्ती का करत नाही?’ हा प्रश्न आम्हाला गावात सतत विचारला जाई. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे आणि त्याखालील 1970 च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त वाचनालयांना वर्गवारीनुसार परिरक्षण अनुदान दोन हप्त्यांत मिळते. आमचे वाचनालय ‘इतर ब’ वर्गात मोडते. त्या वेळी या वर्गाचे वार्षिक अनुदान 1,92,000 रुपये होते आणि ‘ड’ वर्गाचे तर अवघे 30,000. यातील निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे सर्व सेवकांचे मिळून महिन्याला 8 हजार रुपये. उरलेल्या निम्म्यात ग्रंथखरेदी, नियतकालिके, वीजबिल, बांधणी, लेखापरीक्षकाचे शुल्क, सभा, टपाल असा सगळा संसार बसवावा लागतो. पुढे अनुदानात 60 टक्के वाढ झाली आणि आमची रक्कम 3,07,200 रुपयांवर गेली, हे खरे. पण त्याआधीची वाढ 2012 च्या सुमाराची होती आणि एवढ्या काळात सागाचा भाव आणि सुताराची मजुरी कुठे गेली हे वेगळे सांगायला नको. शिवाय दुसरा हप्ता हाती पडायला वर्षअखेर उजाडते आणि शाकारणीला पैसे लागतात ते एप्रिल-मे महिन्यांत.

याचे मूळ मला कायद्याच्या रचनेतच दिसते. मद्रास प्रांताने 1948 साली ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकानेही 1965 च्या कायद्यात उपकराची तरतूद ठेवली. आपल्याकडे उपकर नाही; कायद्याने ग्रंथालय निधीत शासनाने दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालण्याचे बंधन घातले आणि बाकी सारे अर्थसंकल्पाच्या मर्जीवर सोडले. उपकरातून सगळे आलबेल होते असा माझा दावा नाही. परंतु ज्या गावात वाचनालय आहे त्या गावच्या करात त्याचा ठरलेला हिस्सा असता, तर निदान ग्रामसभेत त्याचा हिशेब मागायला आम्ही हक्काने उभे राहिलो असतो. आज आम्ही तिथे उभे राहतो ते विनंती अर्ज घेऊन.

दुरुस्तीसाठी बाहेरून अर्थसहाय्य मिळवायचे असे ठरल्यावर कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू झाली आणि पहिलाच कागद अडला. इमारत कोणाची? संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदलेली. पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर आजही त्या मूळ दात्याचेच नाव होते. त्यांनी इमारत दिली ती भर सभेत, टाळ्यांच्या गजरात. बक्षीसपत्र झालेच नव्हते. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताशिवाय कायद्याने पुरे होत नाही, ही बाब त्या काळी कोणाला सुचली नसावी आणि नंतर घरपट्टी संस्थाच भरत आल्यामुळे कोणाला टोचलीही नाही. जिथे अर्ज करावा तिथे मात्र मालकीचा उतारा हीच पहिली अट होती.

दात्याची तिसरी पिढी आता मुंबईत, पुण्यात आणि एक नात परदेशात, अशी विखुरलेली आहे. गौरी-गणपतीला त्यांच्यापैकी काही जण गावी येतात, म्हणून आम्ही गणपतीच्या दिवसांतच त्यांच्या ओटीवर बसून विषय काढला. घरातील वडीलधाऱ्या काकांनी एका वाक्यात संमती दिली: ‘आजोबांनी दिलंय ते दिलंय, आम्ही फक्त सह्या करायच्या.’ पण सह्या करण्याआधी वारस कोण कोण हे ठरवणे, मृत व्यक्तींचे दाखले जमवणे, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची आणि त्यांच्या मुलांची नावे लावणे, हे सगळे करावे लागले. एका चुलतभावाला आपला हिस्सा सोडायचा नव्हता असे नाही, पण इमारतीवरील आजोबांचे नाव पुसले जाईल अशी त्यांना धास्ती होती. नाव कायम राहील असा ठराव कार्यकारी मंडळाने केला, बक्षीसपत्रात तशी अट घातली आणि तो प्रश्न सुटला. परदेशातील नातीने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवले. अशा पत्रावर ते राज्यात पोहोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे आमच्या वकिलांनी वेळेवर सांगितले म्हणून बरे. नाहीतर तो कागद पुन्हा सातासमुद्रापार धाडावा लागला असता.

बक्षीसपत्र नोंदले गेले, तरी ती मालमत्ता विश्वस्त व्यवस्थेच्या परिशिष्टात चढायला विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, तो द्यावा लागतो. तो देताना कळले की आमच्या आधीच्या दोन कार्यकारी मंडळांच्या निवडीचे चेंज रिपोर्टही प्रलंबितच आहेत, म्हणजे अर्जावर सही करणारे आम्ही नोंदीप्रमाणे पदाधिकारीच नव्हतो. मग आधी ते निकाली काढायचे, त्यासाठी जुन्या सभांची इतिवृत्ते, सूचनांच्या प्रती आणि हयात असलेल्या माजी पदाधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे हवीत, अशी ती साखळी होती. या टप्प्याला सर्वांत जास्त काळ लागला आणि छपरावर मात्र ताडपत्रीच होती. माझे स्पष्ट मत आहे की गावोगावच्या वाचनालयांनी इमारतीची पहिली दुरुस्ती कपाटातल्या कागदांपासून करावी. कौले एका उन्हाळ्यात बदलतात, उतारा तसा बदलत नाही.

कागद चालू असतानाच आम्ही इमारतीची तपासणी करून घेतली. तालुक्याच्या गावातील एका खासगी अभियंत्याने संरचनात्मक लेखापरीक्षण केले. त्यांचा अहवाल नेटका होता, पण खरी तपासणी झाली ती त्यांच्यासोबत आलेल्या सुताराच्या हातून. वयस्कर माणूस. त्याने शिडी लावली आणि प्रत्येक तुळईवर हातोडीची मूठ आपटत तो भिंतीकडे सरकत गेला. मधोमध खणखणीत वाजणारे लाकूड भिंतीत शिरते तिथे बद्द वाजू लागले. मग त्याने पटाशी लावली आणि नुसत्या तळहाताने दाबली, ती मुठीपर्यंत आत गेली. ‘बाई, ह्यात आता लाकूड ऱ्हायलंच नाय, नुसता रंग उभा हाय,’ एवढे बोलून त्याने पटाशी बाहेर काढली, तशी तिच्याबरोबर वाळवीची ओलसर माती पडली. भिंतीच्या माथ्यावरून झिरपलेले पाणी तुळईच्या टोकाशी साचते, तिथे हवा लागत नाही, म्हणून जुन्या इमारतींतल्या तुळया आधी टोकाला कुजतात आणि खालून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पश्चिमेकडील तुळयांची टोके अशीच गेलेली होती. बाकीचे साग मात्र आजच्या बाजारात मिळणार नाही इतके उत्तम होते.

दुसरा दोष भिंतीत होता. पूर्वी कधीतरी, इमारत ‘पक्की’ दिसावी म्हणून, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला होता. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा ही देवघेव होऊ देतो, सिमेंटचा होऊ देत नाही. त्यामुळे बारीक भेगांतून शिरलेले पाणी बाहेर न जाता आत, पुस्तकांच्या कपाटांच्या पाठीकडे येत होते. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे सरकवली, एवढ्यानेही त्यांच्या पाठीवरची बुरशी लक्षणीय कमी झाली. या उपायाला एक पैसा लागला नाही.

अंदाजपत्रक सरकारी दरसूचीप्रमाणे करून सरकारी अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते. तिथे आम्हाला जो सल्ला मिळाला तो नमूद करण्यासारखा आहे: सगळे उतरवा, स्लॅब टाका, प्रस्ताव लगेच बसेल. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. दरसूचीत आरसीसीच्या बाबी तयार असतात, त्यांचे मोजमाप सोपे असते आणि नव्या कामाला निधी देणाऱ्या लोकप्रतिनिधींना उद्घाटनाची कोनशिलाही मिळते. याउलट तुळईचे कुजलेले टोक कापून नव्या सागाचा सांधा जोडणे, सिमेंट खरवडून चुना लावणे, जुन्या मापाची कौले शोधून आणणे या कामांचा दर कसा लावायचा यावर तासन्‌तास चर्चा झाली. शेवटी या बाबींसाठी कारागिरांकडून दरपत्रके मागवून ती जोडायची असे ठरले आणि अंदाजपत्रक 9 लाखांच्या आसपास गेले. पाडून नवे बांधायचा खर्च याच्या चौपटीहून अधिक निघत होता, हे आम्ही ग्रामसभेत आकड्यांनिशी मांडले. तरीही ‘जुनं किती दिवस जपणार?’ असे म्हणणारे होतेच, आणि त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नव्हते. कौलारू छपराला दरवर्षी हात लावावा लागतो, हे सत्य आहे.

पैशांसाठी आम्ही तीन दारे ठोठावली. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी (राज्याच्या वाट्यासह) आणि असमान निधी (फक्त प्रतिष्ठानाच्या पैशांतून) अशा दोन प्रकारच्या योजना आहेत. 1972 साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था असून तिच्याकडे प्रस्ताव जातात ते राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत, इंग्रजीत किंवा हिंदीत, विहित नमुन्यात आणि अनेक प्रतींत. इमारतीच्या योजनेची भाषा जागा वाढवण्याची आहे. त्यामुळे आम्ही पडवीच्या एका टोकाला मुलांसाठी वाचनकक्ष काढण्याचे काम त्यासाठी वेगळे काढले आणि छपराचा खर्च त्यात लपवण्याचा मोह टाळला. तो प्रस्ताव अजून मार्गावर आहे. स्थानिक विकास निधीतून मदत करण्याची तयारी एका लोकप्रतिनिधींनी दाखवली, पण तीही नव्या बांधकामासाठीच. दुरुस्तीचे पत्र पाहून त्यांच्या कार्यालयाने आम्हाला नम्रपणे परत पाठवले. तेव्हा मुख्य भार पडला तो तिसऱ्या दारावर, म्हणजे आमच्या चाकरमान्यांवर.

मुंबईतील ग्रामस्थ मंडळाने सभा घेतली आणि मी तिथे पटाशी घुसलेल्या तुळईचे छायाचित्र दाखवले. त्या एका छायाचित्राने माझ्या भाषणापेक्षा जास्त काम केले. देणगी देताना बहुतेकांनी आयकरातील सवलतीची चौकशी केली. या सवलतीसाठी लागणारी आयकर कायद्याच्या कलम 80 जी ची नोंदणी 2021 साली सर्वच विश्वस्त संस्थांना नव्याने करून घ्यावी लागली. ती आम्ही आधीच केली होती, पण 2 हजारांवरील रोख देणगीला ही सवलत लागू होत नाही आणि गावात तर माणसे खिशातून नोटा काढून देतात. ‘बाई, पावती राहू दे, पैसे घ्या,’ असे म्हणणाऱ्या आंबा बागायतदाराला बँकेमार्फत पैसे पाठवायला लावणे, त्यांचा पॅन क्रमांक मागणे हे अवघडल्यासारखे वाटते, पण प्रत्येक रुपयाची पावती केली म्हणूनच पुढच्या वर्षी त्याच लोकांकडे पुन्हा जाता आले. दात्यांची आवडनिवड हा वेगळाच विषय आहे. खुर्चीवर, कपाटावर, पंख्याच्या पात्यावरही नाव घालायला लोक तयार असतात; पन्हळीवर नाव घालून घ्यायला कोणी मिळत नाही. आणि इमारत वाचवते ती पन्हळच.

काम दोन उन्हाळ्यांत केले. पहिल्या उन्हाळ्यात छप्पर उतरवले. जुनी मंगलोरी कौले एकेक वाजवून पाहिली, बहुसंख्य चांगली निघाली, पण कमी पडलेल्या कौलांसाठी नवी आणली तर त्यांच्या खाचा जुन्यांशी जुळेनात, कारण प्रत्येक कारखान्याचे माप थोडे निराळे असते. तेव्हा पंचक्रोशीत जिथे जिथे कौलारू घर उतरवून स्लॅब पडत होता तिथे निरोप धाडले आणि एकाच छापाची जुनी कौले गोळा केली. नवी कौले सगळी मागच्या पडवीवर एकत्र लावली. सुताराने तुळयांची टोके चांगल्या लाकडापर्यंत कापली, नव्या सागाचे तुकडे तिरक्या सांध्याने जोडून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळल्या आणि भिंतीतील खोबणीत टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडली, म्हणजे हवा खेळेल. विजेची जुनी तारजोडणीही त्याच वेळी बदलून घेतली. दुसऱ्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या अर्ध्या भिंतीचे सिमेंट काढले. चुन्याचे काम जाणणारा गवंडी दूरच्या गावाहून आणावा लागला आणि पैसे संपल्याने उरलेली अर्धी भिंत तशीच ठेवावी लागली. चुना केलेल्या अर्ध्या भागातील कपाटे पुढच्या पावसात कोरडी राहिली, दुसऱ्या अर्ध्याजवळची पुस्तके आम्ही श्रावण संपेपर्यंत मधल्या खणात हलवली.

जमलेल्या पैशांतील काही रक्कम कामात न घालता आम्ही कायम निधी म्हणून बाजूला काढली. यावर मंडळात बराच वाद झाला, कारण अर्धी भिंत डोळ्यांसमोर उघडी असताना बँकेत पैसे ठेवणे काहींना पटत नव्हते. पण देणगीदारांकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे लेखी घेतले, विश्वस्त कायद्याच्या कलम 35 प्रमाणे अनुसूचित बँकेत मुदत ठेव केली आणि व्याज फक्त छप्पर, पन्हळ आणि वाळवीप्रतिबंध यांवरच खर्च होईल असा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतला. व्याज शाकारणीच्या मजुरीपुरते येते, लाकडाला पुरत नाही. त्यासोबत एक इमारत नोंदवही ठेवली आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंडळातील दोघे जण आणि सुतार मिळून छपराखालून फिरतात, प्रत्येक तुळई वाजवून नोंद करतात आणि ती नोंद वार्षिक अहवालाला जोडली जाते. यंदाच्या नोंदीप्रमाणे उत्तरेकडील कोपऱ्यातल्या दोन रिपा बदलायच्या आहेत, मागच्या पडवीची पन्हळ एका जागी वाकली आहे आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीसाठी त्या गवंड्याला दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.